बुधवारचं पाणी

१

एव्हारिस्तो मेला तो उभ्याउभ्या मेला. मासे मारायचा भाला त्याच्या गळ्यातून आरपार जाऊन झोपडीच्या मधल्या खांबात इतका खोल रुतला होता, की प्रेताला खाली पडायचीही सवलत मिळाली नव्हती. खाली गुडघाभर पुराचं पाणी, पाण्यात खेकडे, आणि खेकड्यांनी त्याच्या पायांचं जे केलं होतं ते लुबिंदाने एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहायचं नाही असं ठरवलं.

"दोघांनी मिळून ओढला, भाला निघत नाही," इंदुना इमासिकु म्हणाला. इंदुना म्हणजे गावचा कारभारी. राजाचा शब्द गावात तो आणतो आणि त्याचं पोट त्याच्याही आधी दारात पोचतं.

"खांब कुठल्या लाकडाचा?" लुबिंदाने विचारलं.

"बो लुबिंदा, इथे माणूस मेलाय."

"ते दिसतंय. म्हणूनच विचारतो. हे मुकुसीचं लाकूड आहे. यात माझा होड्या कोरायचा वाकस दोनदा तुटलाय. ज्याने भाला मारला त्याचे खांदे बघायला हवेत."

"रागात कुणालाही बळ येतं."

लुबिंदा सत्तरीचा, म्हणून नावाआधी मानाचं 'बो'. होड्या कोरणारा. त्याच्याबद्दल सांगतात, की पाण्यात वाहत आलेली एक ढलपी पाहून झाड कुणी तोडलं, कुठल्या हाताने तोडलं आणि निघताना बायकोशी भांडून निघाला होता का, एवढं त्याने एकदा सांगितलं होतं. भांडणाचं लोकांनी मागून चिकटवलं. बाकीचं खरं आहे.

बाहेर उंचवट्यावर जसिंतोला खुंटाला बांधलेलं होतं. मेलेल्याचा पुतण्या. ओठ फाटलेला, समोरचे दोन दात गेलेले, एक डोळा सुजून बंद. बांधणाऱ्या दोराची गाठ आवळत होती विधवा नालुकुई. हे काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"ह्यानेच मारला," इमासिकु म्हणाला. "काल बुधवारी दुपारी सगळ्या गावाने पाहिलं, छातीभर पाण्यातून डोक्यावर ताट घेऊन हा इकडे आला. दुसरं कुणी फिरकलं नाही. ऐक, उद्या सकाळी राजाची नाव कोरड्या जमिनीकडे निघेल. ती पुढे गेली की आपणही निघू. हा मात्र इथेच. खुंटाला."

"परवापर्यंत हा खुंट पाण्याखाली जाईल."

"तेच म्हणतोय मी."

दहा वर्षांपूर्वी पलीकडच्या देशातलं युद्ध चुकवून नदीने खाली आलेल्या ह्या काका-पुतण्याला लुबिंदानेच आपल्या होडीत घातलं होतं. म्हाताऱ्याचा गुडघा गोळीने फुटलेला, पोरगेला जसिंतो भुकेने पांढरा पडलेला. पंचायतीपुढे इथल्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून, टाळ्या वाजवून लुबिंदा म्हणाला होता, हे दोघे माझ्या शब्दावर राहतील. तो शब्द आता खुंटाला बांधलेला होता.

"सावली पायाखाली येईपर्यंत थांबा," तो म्हणाला.

"आणि तोवर काही निघालं नाही तर?"

"तर दुसरी गाठ मी मारीन."

२

झोपडीत भिंतीला अकरा चित्रं होती. पिठाच्या पोत्याच्या कापडावर, माती, कोळसा आणि दुकानातला तेलरंग कालवून काढलेली. सगळी ह्याच मुलुखाची: पूर, बेटं, गुरं, गवत, छपरं. आपल्या देशाचं एकही नाही. एकदा कुणी विचारलं तर म्हातारा म्हणाला होता, "तो देश मला दिसत नाही. जे दिसत नाही ते मी काढत नाही." आणि खरंच काढायचा नाही. इमासिकुने आपल्या घराच्या चित्रात तिसरी बायको घालायला सांगितलं, तेव्हा म्हाताऱ्याने नकार दिला. ती बाई नांदायला आली त्याच दिवशी दुपारी तो रंग घेऊन हजर.

रोज एक बैठक, रोज एक चित्र. आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी तेच कापड पुन्हा.

बारावं चित्र तिपाईवर होतं. रंग अजून बोटाला लागत होता. दारातून दिसणारं समोरचं गाव: मध्ये पाणी, पाण्यापलीकडे उंचवट्यावर घरं, लव्हाळ्याच्या चटयांच्या पिवळ्या भिंती, त्यावर छपरं. सुरेख काम. कापडाच्या खालच्या कडेला मात्र रक्ताचे तीन थेंब.

"वारूळ बघ," इमासिकु मागून म्हणाला. "वारूळ कुठाय?"

दार आणि गाव यांच्या मधोमध एक मोठं वारूळ होतं. ह्या मैदानावर लोक तारीख विचारत नाहीत, पाणी कुठवर आलं ते विचारतात. चित्रात वारूळ नव्हतं. सपाट पाणी होतं.

"मंगळवारी दिवस मावळेस्तोवर वारुळाची दोन बोटं वर होती," इमासिकु म्हणाला. "त्यावर बदकं बसलेली, मी स्वतः मोजली. बुधवारी उजाडताना गडप. म्हणजे हे चित्र बुधवारचं. म्हणजे बुधवारी म्हातारा जिवंत होता, चांगला बसून रंग लावत होता. मग बुधवारी आलं कोण?"

लुबिंदाने प्रेताचा दंड दाबून पाहिला. पाण्यात भिजलेलं प्रेत एका रात्रीचं की दोन रात्रींचं, हे ह्या उकाड्यात कुणी सांगावं?

तेवढ्यात बाहेर वल्ह्याचा आवाज आला. मुंदिया उभ्याने होडी हाकत येत होता. डोक्याला लाल टोपी. राजाच्या नावेवरच्या शंभर वल्हेकऱ्यांत यंदा पहिल्यांदाच त्याची निवड झाली होती. मंगळवारी दुपारी तो राजधानीला निघाला होता. नावेच्या फटी बुजवायला बुधवारचा अख्खा दिवस तिथे बसला होता, आणि आज आईची बोचकी बांधायला एका दिवसाची सुटी घेऊन परतला होता. खांदे असे, की टोपी नसती तरी राजाने त्यालाच घेतलं असतं.

त्याने आधी गावाकडे पाहिलं. वल्हं पाण्यात तसंच राहिलं, होडी आपोआप फिरली. मग तो हसला. "गाव नागडं केलंत की. चटया कधी काढल्या?"

"काल. मंगळवारी रात्री राजाचा निघायचा नगारा ऐकला ना, कोंबडा आरवायच्या आत सगळ्या भिंती सोडवून गुंडाळल्या. नुसते वासे उरलेत," इमासिकु म्हणाला. "इकडे बघ, काय झालंय."

मुंदियाने डोकावून पाहिलं आणि टोपी काढली. "बिचारा," तो म्हणाला. "आणि हा जसिंतो? घरातल्याच हाताने?"

जसिंतो त्याच्या पायावर थुंकला. थुंकीत रक्त जास्त होतं. मुंदियाने वल्ह्याच्या बुडख्याने त्याच्या पोटात एकच हाणला, आणि जसिंतोचा आवाज बंद झाला.

३

श्वास परत आल्यावर लुबिंदाने त्याला पाणी पाजलं.

"बाबा, मी नाही मारला," जसिंतो म्हणाला.

"ते तू सकाळपासून सांगतोयस. वेगळं काही सांग. काल काय केलंस?"

"मक्याच्या पिठाचा बुहोबे आणि सुका मासा घेऊन आलो. दाराला कातडं सोडलेलं होतं. दोन हाका मारल्या. काका रंगवत असले की ओ देत नाहीत, कुणी आत गेलं तर ब्रश फेकून मारतात. ताट दारावरच्या फळीवर ठेवलं आणि परत गेलो."

ताट अजून तिथेच होतं. त्यातला घास कुणी मोडलेला नव्हता. एक बगळा मात्र मासा घेऊन गेला होता.

"आत का नाही डोकावलास?"

"पाणी छातीला लागत होतं, बाबा. मला पोहता येत नाही, वल्हवता येत नाही. उजेड असतानाच परत जायचं होतं." त्याने ताटाकडे पाहिलं. "डोकावलो असतो तर?"

"तर तू त्याच्या शेजारी असतास किंवा इथेच असतास. भिंतीवर बारा खिळे आहेत आणि अकरा चित्रं. तिपाईवरचं धरलं नाही. बाराव्या खिळ्यावरचं कुठाय?"

जसिंतोने उघडा डोळा बारीक केला. "गाईंचं असेल. गेल्या आठवड्यात मासेवाल्यांच्या मचव्यातून काका पश्चिमेच्या लव्हाळ्यांच्या बेटाकडे गेले होते. तिथल्या गुरांचं काढलं. एक काळी गाय होती त्यात, पाठीवरून दूध सांडावं तसा पांढरा ओघळ. ती काढताना खुशीत होते. ज्याची गुरं त्याला निघायच्या दिवशी भेट देणार म्हणाले."

"कुणाची गुरं?"

"सांगितलं नाही. काकांना भेट लपवायला आवडायचं."

दूध सांडलेली काळी गाय त्याने कधी पाहिली नव्हती, पण तिच्याबद्दल गेले दोन महिने एका बाईचा आक्रोश मात्र रोज ऐकला होता.

४

नालुकुई होडीच्या कडेला बसून आपल्या भाल्याचं पातं दगडावर घासत होती.

"कुणासाठी?" लुबिंदाने विचारलं.

"माशांसाठी. तुझा तो आश्रित बुडायला उशीर करत असेल तर त्याच्यासाठी."

"त्याने तुझं काय केलंय?"

"परक्या माणसांनी माझा मुलगा मारला." तिचा हात थांबला नाही. "तुला माहीत आहे. दोन महिने झाले. सेपिसो गुरांपाशी झोपलेला. सकाळी मला त्याचं डोकं एकीकडे मिळालं, धड दुसरीकडे. पाच गाई गेल्या. गावातला माणूस गावातल्या पोराची मान अशी चिरतो का? सांग."

"गाई कशा होत्या?"

"किती वेळा सांगू? दोन तांबड्या. एक ठिपक्यांची. एक शिंगमोडी. आणि सेपिसोची काळी, जिच्या पाठीवर कुणी दुधाचं मडकं उपडं केलं होतं." आता हात थांबला. "का विचारतोस?"

"तुझा भाला घरचाच ना?"

"हाच. बो लुबिंदा, का विचारतोस?"

"म्हातारी माणसं विसरतात. पश्चिमेच्या बेटावर गुरं कुणाकुणाची असतात?"

"इंदुनाची. आणि मुंदियाची. पूर चढला की तिकडे दुसरं कुणी गुरं ठेवत नाही, मगरी आहेत." ती उठून उभी राहिली. "तुला काय दिसलंय?"

"अजून काहीच नाही. बस खाली. आणि दगड जपून वापर, पातं झिजेल."

५

म्हणजे दोघेजण. लुबिंदा पाण्यात पाय सोडून बसला. सावली आखडत चालली होती.

इमासिकु. त्याला म्हाताऱ्याचा हा उंचवटा हवा होता. तिसऱ्या बायकोला दुसरीच्या शेजारी ठेवणं अशक्य झालं होतं, हे गावातल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं. जसिंतोला बुडवायची घाई त्याचीच. मंगळवारीही तो इथे होता, बुधवारीही.

मुंदिया. हसरा, आईवेडा. मंगळवारी दुपारी इथून निघाला. बुधवारी, म्हातारा जिवंत असताना, शंभर माणसांच्या मध्ये बसून राजाच्या नावेला डांबर लावत होता. शंभर साक्षीदार. त्याचा प्रश्नच येत नव्हता.

वारूळ त्याला सोडवत होतं. जसिंतोला बुडवत होतं. एवढं काम करणारं वारूळ लुबिंदाने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तो उठला, आत गेला. प्रेताला वळसा घालून तिपाईवरचं चित्र उचललं आणि दारातल्या उजेडात धरलं. एकदा चित्र, एकदा गाव. पाणी तंतोतंत. आभाळ तंतोतंत. पुन्हा चित्र, पुन्हा गाव.

आणि मग तो एकटाच हसायला लागला. बाहेर बांधलेल्या जसिंतोला वाटलं, बाबा कामातून गेले.

६

सावली पायाखाली आली तेव्हा उंचवट्याला सात-आठ होड्या लागल्या होत्या. लुबिंदाने चित्र खुंटापाशी, जसिंतोच्या छातीला टेकवून उभं केलं.

"गाठ कोण मारणार?" इमासिकुने विचारलं.

"मारू. आधी मला एवढं सांग, हे चित्र कुठल्या दिवशीचं?"

"सांगितलं ना. बुधवारचं. वारूळ बुडालंय."

"सगळ्यांना पटतंय?" होड्यांतून माना हलल्या. मुंदियाचीही हलली. "पटणारच. आपण मैदानाची माणसं. आपल्याला चित्र दाखवलं की आपण पाणी बघतो, आणि पाणी बघून झालं की चित्र संपलं. मीही तेच केलं. पण हा म्हातारा परका होता. ज्याचं घर जळलंय तो आधी दुसऱ्यांची घरं बघतो. आता पाणी सोडा. घरं बघा. चित्रातली बघा आणि समोरची बघा."

समोर गाव उघड्या वाशांचं उभं होतं, आरपार आभाळ दिसत होतं. चित्रातल्या भिंती पिवळ्याधमक.

"बुधवारी कोंबडा आरवायच्या आत चटया निघाल्या," लुबिंदा म्हणाला. "उजाडलं तेव्हा एकही भिंत शिल्लक नव्हती. जे दिसत नाही ते न काढणाऱ्या माणसाने बुधवारी भिंती कुठून आणल्या? ही घरं मंगळवारची आहेत. मंगळवारच्या घरांपुढे बुधवारचं पाणी कसं आलं?"

त्याने वाकसाचं टोक चित्राच्या मध्यावर ठेवलं आणि अलगद तासलं. निळ्या रंगाची ओली साल निघाली. खालून वारुळाचा तांबडा माथा वर आला. त्यावर दोन बदकं बसलेली होती.

"पाणी मागून ओतलंय," तो म्हणाला. "मंगळवारी. म्हाताऱ्याला खांबाला ठोकल्यावर, त्याच्याच ब्रशाने. उद्याचं पाणी आज ओळखणं आपल्याला कठीण नाही, कुणीही ओळखेल. पण राजा नगारा कधी वाजवणार हे राजाशिवाय कुणाला ठाऊक नसतं. त्याने उद्याचं पाणी काढलं आणि रात्री नगारा वाजला."

"पण ओतलं कुणी?" नालुकुईने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

"म्हातारा बुधवारपर्यंत जगला असं दाखवून फायदा कुणाला? इंदुनाला नाही, तो दोन्ही दिवस इथेच होता. तुलाही नाही, मलाही नाही. नगाऱ्यानंतर आपण सगळे इथे होतो. चूक कळल्यावर कुणीही येऊन ते कापड जाळलं असतं. येता आलं नाही ते एकालाच. शंभर माणसांच्या मध्ये बसला होता बिचारा. सकाळी आला आणि म्हाताऱ्याकडे बघायच्या आधी त्याने भिंतींकडे पाहिलं."

इमासिकु हळूच मुंदियाच्या होडीपासून दूर सरकला.

"आणि कशासाठी मारीन मी त्याला?" मुंदिया म्हणाला. अजून हसत होता. "रंग आवडला नाही म्हणून?"

"भेट आवडली नाही म्हणून. त्याने तुझ्या गुरांचं चित्र तुला इथे बोलावून दाखवलं. इकडे एकट्या राहणाऱ्या त्याला काही माहीत नव्हतं, मुंदिया. त्याला ती गाय फक्त सुंदर वाटली. काळी. पाठीवर दूध सांडलेली."

नालुकुईच्या घशातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता.

मुंदियाने वल्हं फिरवलं. लुबिंदाच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या होडीपर्यंत गेला. दुसऱ्या फटक्यात इंदुना पाण्यात. तिसऱ्या रेट्यात मुंदियाची होडी उंचवट्यापासून सुटली आणि तो उभ्याने, राजाच्या वल्हेकऱ्याच्या त्या लांब देखण्या ताणांनी, पश्चिमेकडे सुटला. ह्या मैदानावर त्याला गाठेल असा माणूस नव्हता.

गाठायची गरज पडली नाही. वीस हातांवर नालुकुईचा भाला त्याच्या मांडीत मागून घुसला, पुढून निघाला आणि होडीच्या बगलेत जाऊन बसला.

७

आता खरं-खोटं मैदान जाणे, पण सांगतात, की तो भाला काढायचं धाडस कुणी केलं नाही. काढला तर मुंदिया रक्त वाहून मरेल, आणि पंचायतीपुढे बोलणारं तोंड मरेल. म्हणून त्याला तसाच, होडीला खिळलेला ठेवला आणि होडीला दोर बांधला. खांदा बांधून घेत असलेल्या लुबिंदाचं म्हणणं एवढंच, की ती होडी त्याने स्वतः कोरलेली, बगलेचं लाकूड दोन बोटं जाड, बाईने ते फोडायला नको होतं.

मुंदिया बोलला. सगळं बोलला. राजाच्या नावेवर ज्याच्याकडे भरपूर गुरं असतात त्याला मान असतो, असं त्याला वाटलं होतं. पाच गाईंसाठी गेला, सेपिसो जागा झाला, त्याने ओळखलं. गाईंचं चित्र त्याने राजधानीच्या वाटेवर फाडून नदीत सोडलं. बोलताना तो आईला हाका मारत होता. आई किनाऱ्यावर बोचकी बांधत राहिली. तिने मान वर केली नाही.

एव्हारिस्तोला संध्याकाळच्या आत होडीतून नेऊन, गावातल्या सर्वांत उंच जागी, पाणी पोचत नाही तिथे पुरलं. खांब तोडावा लागला. लुबिंदाचा वाकस तिसऱ्यांदा तुटला.

शुक्रवारी सकाळी राजाची नाव गेली. शंभरातली एक जागा रिकामी होती, पण लांबून कुणाला कळलं नाही. मग गावच्या होड्या एकामागून एक सुटल्या. चटया, कोंबड्या, मडकी, म्हातारे, इंदुना आणि तीन बायका तीन वेगवेगळ्या होड्यांत.

जसिंतो चित्रांची गुंडाळी छातीशी धरून कंबरभर पाण्यात उभा होता. कुणाच्या होडीकडे जावं ते त्याला कळत नव्हतं. सुजलेला डोळा अर्धा उघडला होता. लुबिंदाने हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात नालुकुईची होडी वळून जसिंतोपाशी आली.

"तुला दोर मीच बांधला होता," ती म्हणाली. "गाठ घट्ट बसावी म्हणून पाय देऊन ओढला होता. तू विसरणार नाहीस. मीही नाही. बस होडीत."

"मावशी, मला वल्हवता येत नाही."

"सगळ्या मैदानाला ठाऊक आहे. मध्ये बस. हलू नकोस."

"आणि ही चित्रं?"

"मांडीवर घे. भिजवलीस तर उतरवीन."

तो चढला. होडी एका बाजूला कलली, पाणी आत आलं. नालुकुईने पाय फाकवून तोल धरला आणि वल्हं उचललं.

"काळीचं चित्र," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "बेटावरून गाय परत आणली की मी तुझ्यापुढे उभी करीन. तुला काढता येतं का?"

"काकांसारखं नाही."

"काकांसारखं कोण मागतंय," नालुकुई म्हणाली आणि तिने होडी ढकलली.